वर्गात मराठा-ओबीसी विषय निघाला की पोरांना एकमेकांशी बोलतं कसं ठेवायचं?

सिंदफणाकाठ

बीड जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आहे. हिवाळी शिबिर तोंडावर आलंय, म्हणून हा धागा काढतोय.

१ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरं पेटली. जून २०२४ मध्ये अंतरवालीपासून काही किलोमीटरवर वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण बसलं. मग २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी (ओबीसी) दाखले द्यायचा, जीआर निघाला. यातल्या प्रत्येक तारखेनंतर माझ्या वर्गातली बसायची रचना थोडी थोडी बदलत गेली. एकाच गावाहून एकाच एसटीनं येणारी पोरं आता वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटला, परीक्षेच्या नोट्ससुद्धा जातीच्या ग्रुपवर फिरतात. भांडण मात्र होत नाही. भांडण नाही म्हणून वरचे लोक समाधानी आहेत आणि 'विषयच काढू नका' एवढीच आम्हाला सूचना आहे.

मला ही शांतता खरी वाटत नाही. पोरं बोलतातच, फक्त आपापल्या माणसांत बोलतात. तिथे कुणी त्यांना अडवत नाही, कुणी त्यांची माहिती तपासत नाही आणि दिवसेंदिवस समोरचा त्यांना जास्त वाईट वाटू लागतो.

शिबिरात सात दिवस सगळे एका शाळेत झोपतात, एका पंगतीत जेवतात, एकाच टोपलीनं माती वाहतात. वेळापत्रकात 'गटचर्चा' नावाचा तास असतोच, बहुतेक ठिकाणी तो भाषणातच जातो. त्या तासाला पाच-सहा जणांचे मिश्र गट करावेत असं मनात आहे. 'आरक्षण हवं की नको' हा प्रश्न ठेवायचा नाही. 'तुझ्या शिक्षणासाठी घरात कुणी काय सोडलं?' असा ठेवायचा. आणि नियम एकच: उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं. त्यानं 'हो, हेच' म्हटल्यावर मगच आपलं बोलायचं. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, तीच ही.

कुणी असं काही केलं असेल तर सांगा. करू नये असं वाटत असेल तर तेही सांगा, कारणासकट.

काळी_माती

सर, हेतूबद्दल शंका नाही, पण मी करू नका म्हणेन. एक पोरगं रागात काहीतरी बोलेल, दुसरं ते मोबाईलवर घेईल आणि वीस सेकंदांची क्लिप रात्रीत तालुकाभर फिरेल. त्याच्या आधीचं-नंतरचं कुणी ऐकत नाही. मग तुमच्या शिबिराच्या गावात दोन्हीकडची माणसं येऊन उभी राहतील. पोरांचं नाव पोलिसांत गेलं तर भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकतं, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. निम्मी पोरं पोलीस भरतीच्याच तयारीत असतात.

सिंदफणाकाठ

भीती रास्त आहे. गटचर्चेच्या तासाला सगळ्यांचे मोबाईल, माझ्यासकट, एका पेटीत. 'इथलं बाहेर नेताना नाव न घेता न्यायचं' हेही पहिल्याच दिवशी ठरवून घेणार. तरी धोका उरतो, मान्य. पण आज ती पोरं जे ऐकतायत ते सगळं क्लिपमधूनच ऐकतायत. निदान एक तास तरी समोरच्या माणसाकडून ऐकू देत.

निवृत्त_फौजदार

काळी_माती भाऊंचा धोका मी नोकरीत जवळून पाहिलाय, म्हणून भिवंडीबद्दल सविस्तर लिहितो. तरुण पोरांना हे आता ठाऊक नसतं.

भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे मोठी दंगल झाली, मे १९८४ मध्ये पुन्हा झाली आणि लोण ठाणे-मुंबईपर्यंत गेलं. भिवंडी म्हणजे दंगलीचं गाव अशी ओळखच झाली होती. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या तर आधीपासून होत्या, पण त्यांत पुढारी आणि व्यापारी असायचे आणि त्या सणाच्या आदल्या आठवड्यात फोटोपुरत्या बसायच्या. खोपड्यांच्या समितीत गल्लीतली साधी माणसं होती, हिंदू आणि मुसलमान एकत्र, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. बैठका नियमित व्हायच्या, तणाव असो वा नसो. आणि बोलणं कशावर? नळाचं पाणी, गल्लीतला दिवा, नवरा-बायकोची भांडणं, उधारीचे तंटे. धर्मावर बोला असं कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येनंतर मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही आल्या होत्या, पण अफवा आली की पलीकडच्या गल्लीत कुणाला विचारायचं हे माणसांना माहीत होतं. चार वर्षं नळाच्या पाण्यावर भांडलेली माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या पुढाकारानं मोहल्ला समित्यांचं काम सुरू झालं, पण ते दंगलीनंतर.

सर, म्हणून माझा आग्रह असा की शिबिरातले सात दिवस पुरणार नाहीत. परत आल्यावरही महिन्यातून एकदा हे गट बसले पाहिजेत आणि विषय साधे असले पाहिजेत. एसटीचा पास, परीक्षा फॉर्मची मुदत, वसतिगृहातलं पाणी. मोठा विषय आपोआप येईल तेव्हा येऊ द्या. तणावाच्या दिवशी पहिल्यांदा एकत्र बसवलेली माणसं एकमेकांना शत्रूच समजतात.

आणखी एक. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवर आडनाव न लिहिता फक्त पहिलं नाव ठेवायला सांगितलं. शिबिरातही हजेरी पहिल्या नावानंच घ्या.

औरंगपुरा

मी वकील आहे, मूळची परभणी जिल्ह्यातली, बौद्ध. हा धागा काळजीपूर्वक वाचला. सरांची तळमळ दिसते, म्हणूनच स्पष्ट लिहिते.

'सन्मानानं बोला' हे वाक्य आमच्यासारख्यांना फार वेळा ऐकवलं गेलंय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचा अर्थ 'आवाज खाली करा' असा निघाला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत आम्हाला सबुरीचे सल्ले कमी मिळाले नाहीत. आमच्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात, ज्यांनी वस्तीवर दगड टाकले त्यांना संयम शिकवायला कुणी गेलं नव्हतं.

म्हणून माझ्या दोन हरकती. पहिली, मिश्र गटात दलित किंवा भटक्या समाजातलं एकच पोरगं असेल तर 'तुझ्या घरात कुणी काय सोडलं' या प्रश्नावर त्याला सगळ्यांसमोर आपली गरिबी मांडावी लागते आणि बाकीचे हळहळतात. त्याला न बोलण्याचा अधिकार हवा, तोही कारण न सांगता. दुसरी, सगळेच विषय दोन बाजूंचे नसतात. आरक्षणाचं धोरण कसं असावं यावर वाद घाला, जरूर घाला. पण कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणी घोड्यावरून वरात काढावी, कुणाच्या पोरीनं कुणाशी लग्न करावं, यावर 'दोन्ही बाजू ऐकू या' म्हणता येत नाही. तिथे कायदा आहे आणि तो शिबिरातही लागू आहे. ही सीमा पहिल्याच दिवशी सरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली पाहिजे. पोरांवर सोडू नका.

आणि आडनाव झाकून जात झाकत नाही, काका. गाव कोणतं, वस्ती कोणती, गळ्यात काय, एवढ्यावर कळतं. पोलिसांच्या पाटीपुरतं ठीक आहे, कारण तिथे तक्रारदाराला धीर वाटतो. शिबिरात मात्र माझं आडनाव घेतल्यावरही समोरच्यानं नीट वागावं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सिंदफणाकाठ

ताई, सीमेबद्दल शंभर टक्के सहमत. ती मी सांगेन आणि लेखी लावेन. न बोलण्याचा अधिकारही.

प्रश्नाबद्दल मात्र थोडा वेगळा विचार करतोय. अनुभव बाजूला ठेवला की पोरं ताबडतोब टीव्हीवरची वाक्यं बोलायला लागतात, दोन्हीकडची. अनुभवात निदान ते स्वतः असतात. एकटं पोरगं उघडं पडू नये म्हणून गट करतानाच कुठल्याही समाजाचं कुणी एकटं राहणार नाही असं पाहीन. आणि पहिल्या दिवशी निवृत्त_फौजदार काका म्हणतात तसा साधा विषय.

वक्ता_दशसहस्रेषु

मी महाविद्यालयात असताना वादविवाद स्पर्धा खूप केल्या. एक उपाय सुचवतो: चिठ्ठ्या टाकून बाजू वाटा. मराठा मुलाला ओबीसींची बाजू, ओबीसी मुलाला मराठ्यांची. माहिती शोधावी लागते, डोळे उघडतात.

औरंगपुरा

माहिती शोधावी लागते हे खरं. पण स्पर्धेत जिंकायचं असतं. 'अध्यक्ष महोदय' म्हणून समोरच्याला निरुत्तर करणं हे तिथलं कौशल्य. ज्याच्या बहिणीचं लग्न हुंड्यापायी थांबलंय त्याच्यासमोर त्याचीच बाजू दुसऱ्यानं टाळ्या घेत मांडली तर ते त्याला सहन होणार नाही. सरांचा 'हो, हेच' नियम यापेक्षा चांगला आहे, कारण पास-नापास ठरवणारा परीक्षक तोच, ज्याची बाजू मांडली जातेय.

शिवार_२एकर

मग इथेच करून बघू या का? मी मराठा, गेवराई तालुका, शेती दोन एकर, तीही कोरडवाहू. मुंबईला आझाद मैदानावर आंदोलनाला जाऊन आलोय. ओबीसींचं म्हणणं मला कळतं तसं लिहितो, कुणीतरी तपासा.

तुमचं म्हणणं असं: मंडल आयोगानंतर कुठे आमच्या पोरांना कॉलेजात, नोकरीत जागा मिळायला लागल्या. राज्यात ओबीसींना १९ टक्के. त्यात शेकडो जाती. मराठा समाज संख्येनं मोठा, गावात जमीन, कारखाना, बँक, दूध संघ त्यांच्याकडे. तो कुणबी दाखले घेऊन याच १९ टक्क्यांत आला तर लहान जातींच्या वाट्याला काही उरणार नाही. मराठ्यांना द्यायचं तर वेगळं द्या, आमच्या ताटातलं नको.

बरोबर आहे का?

मेंढका

मी धनगर, पाटोदा तालुका. भाऊ, लिहिलंत चांगलं, मनापासून सांगतो. पण 'हो, हेच' नाही म्हणणार. जे आम्हाला सगळ्यात जास्त लागतं ते राहिलं.

नोकरी-शिक्षणात धनगरांना एनटी-क (भटक्या जमाती, क गट) मधून साडेतीन टक्के आहे, वंजारी समाजाला एनटी-ड मधून दोन टक्के. कुणबी दाखला घेणारा माणूस १९ टक्क्यांत जातो, आमच्या साडेतीनात येत नाही. तरी आमच्यातली माणसं वडीगोद्रीला का गेली? ग्रामपंचायत आणि झेडपीमुळे. तिथे ओबीसी, भटके-विमुक्त सगळे मिळून एकच प्रवर्ग असतो, नागरिकांचा मागास प्रवर्ग, २७ टक्के. त्या जागेवर कुणबी दाखल्याचा माणूस उभा राहिला तर गावात तीन घरं असलेल्या नाभिकानं, परटानं, कुंभारानं कुणाच्या मतांवर निवडून यायचं? आमच्या चुलत्यांच्या आधी गावात आमच्यातला सरपंच कधीच झाला नव्हता. ते खुर्चीत बसले त्या दिवशी आजी पंचायतीसमोर नुसती उभी राहिली होती. आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हे राजकीय आरक्षण गेलंच होतं, २०२२ च्या जुलैत बांठिया आयोगाच्या अहवालानंतर परत मिळालं. एकदा गेलेलं पाहिलंय, म्हणून भीती मोठी आहे.

शिवार_२एकर

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी सगळं नोकऱ्यांचंच समजत होतो. परत सांगतो: तुमची पहिली भीती गावातल्या सत्तेची, जी आत्ता कुठे हाताला लागलीय. नोकरीची नंतर. आणि ही भीती लहान जातींना सगळ्यात जास्त.

मेंढका

हो, हेच.

आता तुमचं मी सांगतो. निजामाच्या राज्यात मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होता. विदर्भातला तुमच्यासारखाच शेतकरी कागदावर कुणबी लागला, त्याला ओबीसीतून मिळतं. तुमची नोंद निजामाच्या दप्तरात उर्दूत कुठेतरी, किंवा नाहीच. २०१४ ला १६ टक्के दिले, हायकोर्टात अडकले. २०१८ ला परत दिले, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केले. २०२४ ला १० टक्के दिले, त्याच्यावरही खटला. तीनदा पेढे वाटले आणि तीनदा धाकधूक. आणि कारखाना-बँक ज्यांची ते तुमच्या आडनावाचे असले तरी तुमचे कुणी नाहीत. तुम्हाला मात्र सगळे त्यांच्यातलंच धरतात.

शिवार_२एकर

शेवटचं वाक्य वाचून थांबलो जरा. हो, हेच. एक जोडतो: लाठीमारात आमच्या आयाबहिणी होत्या. त्या दिवसापासून हा विषय टक्क्यांचा राहिला नाही. आणि पोरांची लग्नं जमत नाहीत, हेही आहे, पण ते कुणी भाषणात बोलत नाही.

दादा, आपलं मत अजून जुळत नाही. मला दाखला हवाच आहे.

मेंढका

आणि मी त्याला विरोधच करणार. पण सरपंचपदाच्या जागेचं वेगळं काही करता येईल का, याच्यावर तुमच्याशी बोलू शकतो. आजपर्यंत कुणाशी हे बोललो नव्हतो.

जुने_हेडमास्तर

या दोघांचं वाचून एक गोष्ट आठवली. १७ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीग आलेली नव्हती. बॅ. जयकरांनी सुचवलं होतं की लीग येईपर्यंत ठराव थांबवावा, आणि त्याबद्दल सभागृह त्यांच्यावर नाराज होतं. डॉ. आंबेडकरांना त्या दिवशी अनपेक्षितपणे बोलायला बोलावलं गेलं. त्यांनी जयकरांची बाजू घेतली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की आपली अडचण शेवट काय असावा ही नाही, सुरुवात कशी करायची ही आहे, आणि सुरुवात करायची तर घोषणा बाजूला ठेवा, समोरच्याला भिववणारे शब्द बाजूला ठेवा, प्रसंगी विरोधकाच्या पूर्वग्रहालाही थोडी जागा द्या. हा माणूस कुणापुढे नमतं घेणारा नव्हता. ज्या सभागृहात बहुमत काँग्रेसचं होतं, तिथे ते बहुमताला सांगत होते की अधिकार असणं वेगळं आणि तो वापरणं शहाणपणाचं असणं वेगळं.

औरंगपुरा ताईंच्या मुद्द्याशी हे जुळतं असं मला वाटतं. थांबायला, शब्द मऊ करायला त्यांनी बलवानांना सांगितलं. सर, तुमच्या शिबिरात संख्येनं जो गट मोठा असेल त्याला ऐकायची पाळी आधी द्या, बोलायची नंतर. आणि घोषणांचे टी-शर्ट, गाडीवरचे स्टिकर, डीपी, यांचं काय करायचं तेही ठरवा. मी शाळेत असताना बंदी घातली की पोरं तेच दप्तराच्या आत लिहायची. बंदीपेक्षा गटचर्चेच्या तासापुरतं सगळ्यांनी आपणहून बाजूला ठेवायचं असं ठरवलं तर टिकेल.

औरंगपुरा

मास्तर, बलवानांना आधी ऐकायला लावा हे लिहिल्याबद्दल आभार. ते भाषण मी वाचलंय, पण या अंगानं कुणी मांडलेलं ऐकलं नव्हतं.

काळी_माती

मी सुरुवातीला करू नका म्हणालो होतो. वरच्या दोघांचं वाचल्यावर एवढंच म्हणतो, आकड्यांचा एक कागद आधी हातात द्या. आमच्या चावडीवर निम्मी भांडणं चुकीच्या आकड्यांवरून होतात. अनुसूचित जाती १३, जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त-भटके ११, विशेष मागास २, हे झाले ५२. वर मराठा समाजाला एसईबीसीतून (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १० आणि आर्थिक दुर्बलांना १०. एकूण ७२. हे दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं येतात. खुल्या जागेवर कुणीही मागास उमेदवार गुणवत्तेनं येऊ शकतो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सिंदफणाकाठ

कागद करतो. ताई, कायद्याचा भाग तुम्ही नजरेखालून घालाल का? मेंढका दादांचा नागरिकांच्या मागास प्रवर्गाचा मुद्दाही त्यात घेतो, तो आमच्या प्राध्यापकांपैकीही फारसा कुणाला ठाऊक नसेल.

ठरलं ते असं. पहिल्या दोन दिवशी एसटी पास आणि परीक्षा फॉर्म. तिसऱ्या दिवशी आकड्यांचा कागद, फक्त वाचन आणि शंका. चौथ्या दिवसापासून अनुभव, 'हो, हेच' नियमानं, ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं बसावं. शेवटी ठराव नाही, एकमत नाही, समारोपाला पुढारी नाही. परत आल्यावर महिन्यातून एकदा तेच गट.

औरंगपुरा

पाठवा, बघते. एक राहिलं, सर. मुलींबद्दल धाग्यात अजून एक ओळ नाही. गावातल्या मुलांसमोर मुलगी जातीवर काही बोलली तर ते संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचतं, आणि पुढचं शिबिर सोडा, कॉलेजच बंद होतं. पहिले काही दिवस मुलींचे गट वेगळे ठेवा आणि त्यांच्यासोबत महिला प्राध्यापक बसू द्या. मिश्र गटात कधी जायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

सिंदफणाकाठ

आमच्या विभागातल्या मॅडमना आजच विचारतो. वेगळे गट, आणि पुढचं मुलीच ठरवतील. कागद रविवारपर्यंत तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.